सेल्फ गप्प, किक नाही : केळीच्या मळ्यात अडकलेल्या मोटरसायकलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातला केळीचा मळा, जानेवारीची पहाट. माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. गाडी, बॅटरी आणि रस्ता यांचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

गाडी १६० सीसीची, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमांची), पाच गिअरची. पेट्रोल इंजेक्शनने, म्हणजे विजेवरच्या पंपाने दाबून फवारलं जातं, किक नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. मोठ्या गाड्यांची किक त्याआधीपासूनच कमी होत चालली होती. या दोन बदलांमुळे ‘बॅटरी उतरली तर धक्का मारू’ हा जुना भरवसा आता अर्धाच उरला आहे, आणि तो कुठवर चालतो हे या प्रकरणात नीट दिसतं.

बॅटरी मूळचीच, सीलबंद, १२ व्होल्ट ८ ॲम्पिअर-तासांची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप), तीन वर्षं वापरलेली. म्हणजे खान्देशातले तीन उन्हाळे तिने काढले होते, तेही पत्र्याच्या शेडखाली. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. लेड-ॲसिड बॅटरीच्या आतल्या जाळ्या अशा उष्णतेत झपाट्याने गंजतात. नुकसान उन्हाळ्यात होतं आणि उघड होतं थंडीत, कारण थंड बॅटरी कमी करंट देते आणि थंड ऑइलमुळे इंजिन फिरवायला करंट जास्त लागतो.

गाडीवर तीन गोष्टी बाहेरून बसवलेल्या होत्या. चोरीच्या भीतीने ट्रॅकर, हँडलवर मोबाईल चार्जर आणि लेगगार्डवर दोन एलईडी दिवे. तिन्हींची वायर थेट बॅटरीवर होती. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने रात्रीची येते. तेव्हा मळ्यात मोबाईल चार्ज करायला आणि पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरपेटीवर उजेड पाडायला चावी लावावी लागू नये, म्हणून मालकानेच तसं सांगून करून घेतलं होतं. गरज खरी होती, जोडणी चुकीची होती.

घटनेआधी दोन दिवस मालक लग्नाला गेला होता आणि गाडी घरी उभी होती. रात्री अकराच्या सुमारास तो गावातून चार किलोमीटरवरच्या मळ्यात आला. मोबाईल दोनेक तास गाडीवर चार्जिंगला लावला. मध्येच पाण्याच्या मोटरचा फ्यूज गेला, तेव्हा पंचवीस मिनिटं एलईडी दिवे लावून पेटी दुरुस्त केली. मग पंपघरातच झोपला. सकाळी साडेसातला त्याला भुसावळ स्टेशन गाठायचं होतं.

अडचण

साडेपाचला सेल्फ दाबल्यावर ‘कट’ असा एकच आवाज आला. पुन्हा दाबल्यावर ‘कट-कट-कट’ आणि मीटरचा डिस्प्ले विझून परत लागला, घड्याळ शून्यावर गेलं. हे लक्षण ओळखता आलं पाहिजे. सेल्फचा रिले ओढला जातो, पण मोटरने करंट मागितला की व्होल्टेज इतकं कोसळतं की मीटरही तग धरत नाही. हे बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीचं असतं, क्वचित सैल टर्मिनलचं. टर्मिनलचे स्क्रू हाताने हलवून बघायला अर्धं मिनिट लागतं, पण इथे ते कुणी बघितलं नाही. सुदैवाने ते घट्टच होते.

मालकाने दहा-बारा वेळा सेल्फ मारला. पुढे गॅरेजमध्ये मोजमापं झाल्यावर रात्रीचा हिशेब मांडता आला, तो अंदाजे असा. तीन वर्षांच्या या बॅटरीत प्रत्यक्षात ४.८ ॲम्पिअर-तासच मावत होते. चावी बंद असताना गाडी ३४ मिलिॲम्पिअर ओढत होती, म्हणजे दोन दिवसांत १.६ ॲम्पिअर-तास गेले. मळ्यापर्यंतच्या चार किलोमीटरांत फार तर ०.३ भरले. मोबाईलने १.८ घेतले, दिव्यांनी ०.७, आणि रात्रीच्या सहा तासांत गळतीने आणखी ०.२ गेले. पहाटे उरले सुमारे ०.८.

सेल्फची मोटर पन्नास-साठ ॲम्पिअर मागते. दोन-दोन सेकंदांचे बारा प्रयत्न म्हणजे साधारण ०.४ ॲम्पिअर-तास. पहाटे जे उरलं होतं, त्यातलं निम्मं सेल्फच्या बटणानेच संपवलं, आणि इंजिन एकदाही पुरतं फिरलं नाही.

शेवटी सालदारानेच, म्हणजे मळ्यावरच्या सालाने ठेवलेल्या गड्यानेच, थांबवलं. “भाऊ, आता नका मारू सेल्फ. लाईट पण जाईल.”

समोरचे पर्याय

हातात चार वाटा होत्या.

पहिली, धक्का. माणसं होती : सालदार आणि शेजारच्या मळ्यातले आप्पा. प्रश्न जमिनीचा होता. पंपघरापासून सातशे मीटर काळी जमीन, रात्रीच्या पाण्याने कडेला ओली. पुढे मुरमाचा रस्ता, आणि त्याच्यापुढे हतनूर धरणाच्या पाटावरचा पूल, जिथून डांबरी रस्त्याला चांगला उतार आहे.

दुसरी, केळीचा ट्रक. बांधापलीकडे घड भरायला दहाचाकी ट्रक लागला होता. चालक स्वतःहून म्हणाला, “दादा, केबल आहे माझ्याकडं, लावू का?” आप्पांनी नको म्हटलं, आणि सबंध सकाळचा हा सर्वांत मोलाचा नकार होता. मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात. तिची केबल मोटरसायकलीला लावली तर ईसीयू (पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा गाडीचा छोटा संगणक), मीटर, ट्रॅकर यांतलं काहीही क्षणात जळू शकतं, आणि ईसीयूची किंमत नव्या बॅटरीच्या कितीतरी पट असते. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढता येतात हे खरं, पण त्यासाठी मधली पट्टी कोणती, बॉडीला कोणतं टोक जोडलंय हे नक्की माहीत हवं. अंधारात, घाईत, अंदाजाने करायचं ते काम नाही. छोट्या मालवाहू टेम्पोची यंत्रणा बहुधा १२ व्होल्टची असते, तरी बॅटरीवरचं लेबल वाचल्याशिवाय केबल लावू नये.

तिसरी, ट्रॅक्टर. आपल्याकडच्या ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आणि मोटरसायकलीच्या दहापट क्षमतेची असते. ती उत्तम मदत, पण ट्रॅक्टर दीड किलोमीटरवर होता आणि त्याचा मालक आठच्या आधी येणार नव्हता. जम्पर केबलही नव्हती.

चौथी, गाडी तिथेच सोडून आप्पांच्या मोटरसायकलीवर स्टेशन गाठायचं. ही वाट कुणी बोलूनही दाखवली नाही.

काय केलं

पहिला धक्का पंपघरासमोरच, काळ्या जमिनीवर, पहिल्या गिअरमध्ये मारला. क्लच सोडताच मागचं चाक जाम झालं आणि ओल्या मातीत घासत गेलं. इंजिन फिरलंच नाही.

याचं कारण गिअरच्या गणितात आहे. अशा गाडीत पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक एकदा फिरलं की इंजिनला अठ्ठावीस-एकोणतीस वेळा फिरावं लागतं, दुसऱ्यात साधारण अठरा वेळा. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाकाला इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबण्याचा विरोध, जास्त जड लागतं. टायरची पकड तेवढी नसेल तर इंजिन फिरण्याऐवजी चाक घसरतं. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १२ किलोमीटरच्या वेगाला इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. चालू व्हायला एवढं पुष्कळ झालं. जमीन निसरडी असेल किंवा गाडीला स्लिपर क्लच (चाक इंजिनला ढकलू लागलं की थोडा घसरणारा) असेल तर तिसरा गिअर घ्यावा आणि वेग थोडा वाढवावा.

दुसरा धक्का मुरमावर, दुसऱ्या गिअरमध्ये, दोघांनी मागून ढकलून. या वेळी क्लच हळूहळू सोडला गेला, गाडी चालवताना सोडतो तसा. क्लचप्लेटा घसरत राहिल्या, ढकलून मिळवलेला वेग त्यातच विरला. इंजिन दोन-तीन वेळा फिरलं, एकदा ‘भुक्क’ झालं आणि गाडी थांबली.

इथे आप्पांनी विचारलं, “पंपाचा आवाज येतोय का रे?”

इंजेक्शनच्या गाडीला धक्का मारण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. चावी फिरवली, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) चालूवर आणला की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद ‘स्सूंऽऽ’ करून पेट्रोलचा दाब तयार करतो, साधारण ३ बार. पंप, इंजेक्टर, ईसीयू आणि स्पार्क या सगळ्यांना मिळून तीन-चार ॲम्पिअरच लागतात, सेल्फच्या मानाने नगण्य. म्हणून सेल्फ फिरवायला नालायक ठरलेली बॅटरीही इंजिन चालवायला पुरू शकते. धक्का मारण्यात अर्थ आहे तो एवढ्याचसाठी. पण पंपच बोलला नाही, तर गाडी भुसावळपर्यंत ढकलत नेली तरी पेट्रोल इंजिनात जाणार नाही.

पंप बोलत होता, पण आवाज मरगळलेला होता. मग तिथेच थांबायचं ठरलं. घाईत असलेल्या माणसाने वीस मिनिटं काहीही न करता थांबणं अवघड असतं, पण गाडी चालू झाली ती या वीस मिनिटांमुळे. बॅटरीतून एकदम मोठा करंट ओढला की प्लेटांजवळचं ॲसिड पातळ होतं. विश्रांती दिली की लांबचं ॲसिड तिथे पोचतं आणि व्होल्टेज थोडं वर येतं. नवी ऊर्जा कुठून येत नाही, पण उरलेली वापरता येते.

त्या वेळात तीन कामं झाली. चावी बंद ठेवली. चार्जरमधून मोबाईलची वायर काढली. सीट उघडून ट्रॅकर आणि एलईडी दिव्यांच्या वायरीतले फ्यूज उपसले. हेडलाईटचं काही करता येईना. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाईटचं बटण नसतं, पण या गाडीत तो इंजिन चालू झाल्यावरच पेटतो, त्यामुळे अडचण नव्हती. ज्या गाडीत चावी लावताच हेडलाईट लागतो, तिथे फ्यूजपेटीच्या झाकणावरचं लेबल वाचून त्याचा वेगळा फ्यूज असेल तरच तो काढावा. त्याच फ्यूजवर आणखी काही असेल तर हात लावू नये.

मग गाडी न्यूट्रलमध्ये, चावी बंद ठेवून, पाटाच्या पुलावर नेली. नाकासमोर साठ-सत्तर मीटर उतार, डांबरी, रिकामा. तिसरा प्रयत्न या क्रमाने झाला :

१. साईड स्टँड पूर्ण वर. स्टँडच्या स्विचला थोडा जरी संशय आला तरी गिअरमध्ये इंजिन बंद होतं, आणि दोष बॅटरीवर जातो.
२. दोघे मागे, सीटच्या पाठीमागची दांडी धरून, चाकाच्या रेषेतून थोडे बाजूला. क्लच सोडला की गाडीला मागे ओढल्यासारखा झटका बसतो. सरळ मागे उभा असलेला माणूस गाडीवर आदळतो.
३. चावी आणि किल स्विच चालू, पंप थांबेपर्यंत तीन सेकंद वाट. त्याआधी चावी लावून गप्पा मारत बसायचं नाही.
४. क्लच दाबून दुसरा गिअर. ढकलणं सुरू. चालक फूटरेस्टवर किंचित उभा.
५. वेग पळत्या माणसाइतका झाल्यावर एकाच क्षणी सीटवर दणकन बसायचं आणि क्लच पूर्ण सोडायचा. बसण्याने मागच्या टायरवर वजन येतं आणि तो घसरत नाही. रेस द्यायची नाही, बंद थ्रॉटलला किती पेट्रोल द्यायचं ते ईसीयू ठरवते.
६. पहिल्या झटक्याला क्लच ओढायचा नाही. उतारावर गाडीला तीन-चार सेकंद इंजिन फिरवू द्यायचं.

सहावा मुद्दा सपाटीवरच्या सवयीच्या उलट आहे, आणि उतार कामाला आला तो यामुळे. मोटरसायकलीच्या मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असतात. वीज तयार करायला त्याला बॅटरी लागत नाही, फक्त इंजिन फिरावं लागतं. सपाटीवर धक्क्याचा जोर सेकंदभरात संपतो. ईसीयूला क्रँकची (इंजिनच्या फिरत्या दांड्याची) जागा ओळखायलाच इंजिनच्या काही फेऱ्या लागतात, तोवर गाडी थांबलेली असते. उतारावर चाक इंजिनला फिरवत राहतं, मॅग्नेट पंपाला आणि ईसीयूला वीज पुरवू लागतो, आणि थकलेल्या बॅटरीवरचा भार हलका होतो.

उताराच्या मध्यावर इंजिन अडखळत पेटलं, मग स्वतःच्या जोराने ओढू लागलं. तेव्हा क्लच दाबला, हलकी रेस धरली, ब्रेक मारला, न्यूट्रल केलं. सात वाजायला वीस मिनिटं कमी होती.

परिणाम

गाडी पाच मिनिटं उभ्यानेच अडीच-तीन हजार फेऱ्यांवर ठेवली आणि मग भुसावळकडे निघाली. आयडलवर, म्हणजे रेस न देता, मॅग्नेटची वीज हेडलाईट आणि पंपातच संपते, बॅटरीला फारसं काही मिळत नाही. म्हणून वाटेत मालकाने एक गिअर खालचा ठेवून इंजिन चार हजारांच्या आसपास फिरतं ठेवलं. पेट्रोल होतं, त्यामुळे पंपावर थांबून इंजिन बंद करायची वेळ आली नाही. चाळीस मिनिटांत अंदाजे दोन ॲम्पिअर-तास भरले गेले असावेत.

स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर उभी राहिली. ट्रॅकरचा फ्यूज अजून खिशातच होता. संध्याकाळी सेल्फने जड आवाजात एकदा इंजिन फिरवलं आणि ते लागलं. ट्रॅकर चालू राहिला असता तर आणखी पाव-अर्धा ॲम्पिअर-तास गेला असता, आणि एवढ्या काठावरच्या बॅटरीला तोही जड गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फैजपूरच्या गॅरेजमध्ये गेली. तिथल्या मिस्तरीने चांगली गोष्ट केली : नवी बॅटरी आणण्याआधी मल्टिमीटर काढला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.२ व्होल्ट भरले, म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना ते ८.९ पर्यंत पडले. इंजिन चालू करून ४००० फेऱ्यांवर, हेडलाईटसह, १४.२ व्होल्ट. १३.५ ते १४.८ च्या दरम्यान आकडा असेल तर मॅग्नेट कॉईल आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर (मॅग्नेटची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) ठीक आहेत. याहून कमी आला असता तर नवी बॅटरीही आठवड्यात उतरली असती, पंधराच्या वर गेला असता तर ती उकळली असती. दोष चार्जिंगमध्ये नाही हे इथे ठरलं.

मग गळती. चावी बंद, बॅटरीची ऋण तार काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर, सगळे फ्यूज जागेवर. वाचन ३४ मिलिॲम्पिअर. ट्रॅकरचा फ्यूज काढल्यावर ते ९ वर आलं. चार्जर सोडवल्यावर २ वर. म्हणजे ट्रॅकर २५, चार्जरचा सतत जळणारा निळा दिवा आणि आतलं सर्किट ७, गाडीचं स्वतःचं २. ही चाचणी करताना एक काळजी : मीटर ॲम्पिअरवर असताना चुकूनही चावी फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडतो.

बॅटरी ०.८ ॲम्पिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, बारा तास चार्ज केली. रात्रभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट. आकडा उत्तम, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. व्होल्टेज सांगतं की भांडं काठोकाठ आहे. भांडं केवढं उरलंय ते सांगत नाही. त्यासाठी मिस्तरीने २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावला. तो पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. व्होल्टेज १०.५ वर (इथे बॅटरी रिकामी धरतात) यायला पावणेतीन तास लागले, म्हणजे क्षमता ४.८ ॲम्पिअर-तास, मूळच्या साठ टक्के. अशा चाचणीनंतर बॅटरी लगेच पुन्हा चार्ज करावी लागते, आणि उगाच वारंवार ही चाचणी करायची नसते. पूर्ण चार्जवर सेल्फ मारताना व्होल्टेज ९.२ पर्यंत पडलं. ९.६ च्या खाली गेलेल्या बॅटरीवर रात्री मळ्यात भरवसा ठेवू नये. बॅटरी बदलली.

जोडणीही बदलली. चार्जर आणि एलईडी दिवे चावीनंतरच्या वीजेवर, रिलेमधून, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. ट्रॅकर थेटच ठेवला, कारण चोराने चावी लावण्याआधीही तो जागा असायला हवा. पण २५ आणि गाडीचे २ धरून दिवसाला सुमारे ०.६५ ॲम्पिअर-तास जातात. नवी ८ ची बॅटरी सहा दिवसांत अर्धी होईल. म्हणून गाडी चार दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर ट्रॅकरचा फ्यूज काढायचा किंवा मध्ये एकदा अर्धा तास गाडी फिरवायची, असं मालकाला सांगितलं. दोन मिनिटांची फेरी मारून आणण्याचा उपयोग नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सेल्फ दोनदा मारून थांबायला हवं होतं. दुसऱ्या ‘कट-कट’ला मीटर विझला तिथेच उत्तर मिळालं होतं. तेव्हा ०.७ ॲम्पिअर-तासांहून जास्त शिल्लक होते, आणि मुरमावरचा दुसरा धक्का जोमदार पंपानिशी लागूही शकला असता.

काळ्या जमिनीवरचा प्रयत्न करायलाच नको होता. त्यात माणसांचा दम गेला, चावी चालू ठेवल्याने बॅटरी गेली. गाडी आधी चांगल्या जागी नेणं कष्टाचं वाटतं, पण न्यूट्रलमध्ये ढकलायला गिअरमध्ये ढकलण्याच्या मानाने फार थोडा जोर लागतो. आणि प्रयत्नांनाही मर्यादा हवी. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, असतो. न जळलेलं पेट्रोल पुन्हा पुन्हा तिथे पोचलं तर इंजिन लागल्यावर ते तिथेच जळतं आणि कन्व्हर्टर तापून खराब होतो. चार-पाच नीट प्रयत्नांत गाडी लागली नाही तर धक्का सोडून दुसरा मार्ग धरावा.

चौथ्या पर्यायाचा विचार व्हायला हवा होता. स्टेशनला पोचायचं हे एक काम आणि गाडी चालू करायची हे दुसरं. पहाटेच्या घाईत दोन्हींची गाठ मारली गेली. आप्पांनी मालकाला सोडलं असतं तर गाडी दिवसभर सावलीत उभी राहिली असती आणि संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मदतीने शांतपणे चालू झाली असती. संध्याकाळी स्टेशनवर सेल्फ लागला नसता, तर वर्दळीत, उताराशिवाय, ओळखीच्या माणसांशिवाय तीच अडचण पुन्हा उभी राहिली असती.

ट्रॅक्टरची वाट धरली असती तर जम्पर केबल नसल्यानेही अडलं नसतं. पंपघरात सबमर्सिबलच्या चपट्या केबलचे तुकडे असतात. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सेल्फचा पूर्ण करंट सुखाने वाहू शकत नाही, तापते. पण ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दोन्हींची इंजिनं बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बॅटऱ्या समांतर जोडायला ती पुरते. आधी धन टोकं एकमेकांना, मग ट्रॅक्टरचं ऋण, आणि शेवटचं टोक मोटरसायकलीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. काढताना बरोबर उलटा क्रम. त्यानंतर सेल्फ नाही लागला तरी पंप दमदार बोलतो, आणि सपाटीवरचा एक धक्का पुरतो.

आपल्याकडे बंद गाडीला दुसऱ्या मोटरसायकलीवरून पाय लावून नेण्याची पद्धत आहे. आप्पांनी तसं सुचवलंही होतं, पण ते झालं नाही हे बरं झालं. क्लच सोडताच पुढची गाडी एकदम मंदावते आणि पाय लावणारा तिच्यात घुसतो. दोर बांधून ओढणं त्याहून वाईट. आणि हे सगळं मळ्याच्या रस्त्यावर. सुरत-नागपूर महामार्गावर किंवा बिजासनीच्या घाटात धक्का मारायचा विचारही करू नये.

गाडी वेगळी असती तर निर्णयही बदलले असते. जुन्या १०० सीसी कार्बोरेटरच्या गाड्यांपैकी ज्यांचं इग्निशन थेट मॅग्नेटवर चालतं, त्या बॅटरी पूर्ण मेली तरी धक्क्याने किंवा किकने लागतात. थंडीत चोक ओढायचा एवढंच. कार्बोरेटरच्याच पण बॅटरीवर इग्निशन असलेल्या गाड्यांना थोडी तरी वीज लागते. बिनगिअरच्या स्कूटरला मात्र कितीही ढकललं तरी उपयोग नाही, कारण तिचा क्लच इंजिनच्या वेगाने पकडतो आणि इंजिन बंद असताना चाकाचं फिरणं इंजिनपर्यंत पोचतच नाही. स्कूटरला किक असेल तर ती मारून बघावी, नाहीतर बॅटरी काढून घरी चार्जरला लावावी. काढताना आधी ऋण तार, बसवताना ती शेवटी.